मेणबत्त्या वाकतात तेव्हा...

मागच्या दिवाळीआधी आम्ही तिघी रूममेट्सनी पैसे काढून पाच किलो मेण आणलं आणि रेक्टर मॅडमच्या परवानगीने मेणबत्त्या केल्या. बऱ्याच विकल्या, ३२ उरल्या. पुढच्या दिवाळीला विकू म्हणून मी त्या पेपरात गुंडाळून, खोक्यात उभ्या करून माळ्यावर टाकल्या आणि सुटीत घरी गेले. नागपूरचा मे महिना! परत येऊन बघते तर सगळ्या उंच मेणबत्त्या नमस्कार करतायत. एकीवर तर उलट्या अक्षरांत सोन्याचा भाव छापलेला. पैसे तिघींचे, शहाणपणा माझा एकटीचा.

वितळल्या नव्हत्या, मग वाकल्या कशा? मित्रांनो, हा आपलाच क्रीप. धातूंमध्ये वितळणबिंदूच्या (केल्व्हिनमध्ये हं!) साधारण ०.४ पटीपुढे तो जाणवायला लागतो. मेण काही धातू नाही, पण हिशोब करून बघा. ५७ अंशांना वितळणारं मेण म्हणजे ३३० केल्व्हिन आणि ३० अंशांची रूम म्हणजे ३०३. गुणोत्तर ०.९२! लालबुंद लोखंडसुद्धा वितळण्याच्या इतकं जवळ नसतं. त्यामुळे उभी मेणबत्ती स्वतःच्याच वजनाने हळूहळू झुकते.

म्हणून उंच मेणबत्त्या आडव्या ठेवायच्या, सपाट खोक्यात, एकावर एक न रचता. माळ्यावर नाही, स्लॅब तापतो. पलंगाखाली जमिनीलगत बरं. गुंडाळायला बटर पेपर घ्या. वर्तमानपत्राची शाई मेण उचलतं. वासाच्या मेणबत्त्या वेगळ्या डब्यात, नाहीतर सगळ्यांनाच मोगरा लागतो. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला पुष्कळ जण देतात. माझं मत, नको. बाहेरचा भाग आधी आकसतो आणि तडे जातात.

शोसाठी मांडायच्या तर खिडकीत मांडू नका. ऊन लागलं की रंग उडतो, लाल-जांभळा तर फारच लवकर. खाली काच किंवा टाइल हवी, कारण तेलकट डाग पॉलिशच्या लाकडावरून जाता जात नाही. (आमच्या टेबलावरचा डाग रेक्टर मॅडमनी अजून पाहिलेला नाही!) धूळ बसली तर जुना नायलॉनचा मोजा हलक्या हाताने फिरवा, चकाकीही येते.

आणि वाकलेल्यांचं काय? कोमट पाण्यात काही मिनिटं बुडवून, ओट्यावर पोळपाटाखाली हलकेच लाटायच्या. आमच्या १९ अशा सरळ झाल्या. उरलेल्या वितळवून पुन्हा साच्यात ओतल्या. सोन्याचा भाव मात्र आम्ही तसाच ठेवलाय.