कानातला आवाज मोजताना

यंत्रमागावर काम केलेल्या माणसाचे कान तपासताना पहिली अडचण येते ती बटणाची. आवाजबंद खोलीत बसायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीकसा सूर ऐकू आला की दाबायचं. इचलकरंजीहून आलेले मामा बटण दाबत होते, पण काचेपलीकडे बसलेल्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी त्या वेळी एकही सूर सोडलेला नव्हता.

“मामा, आवाज आला?”

“आला की. पर तुमचा का माझा, त्येच कळंना.”

मॅडमनी सलग सूर बंद करून तुटक सूर लावला. मामांच्या कानातली शिट्टी अखंड चालते. तुटक वाजेल तो मशीनचा. त्यानंतर बटण बरोबर पडू लागलं.

माझ्याही दोन्ही कानांत काही वर्षांपासून असा आवाज आहे. म्हणूनच कोल्हापुरातल्या या दवाखान्यात मॅडमची आणि मामांची परवानगी घेऊन मी हे काम बघत बसलो होतो. कानात मळ नाही, पडदा शाबूत आहे, हे डॉक्टरांनी आधीच पाहिलं होतं. आता कागदावर आलेख उमटत होता. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. 1000 हर्ट्झपर्यंत रेघ बरी चालली, 4000 ला खोल खड्डा, 8000 ला थोडी पुन्हा वर. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलं की आलेखावर बहुधा असाच खड्डा पडतो. आतल्या कानात बारीक केशपेशी असतात. त्या मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा येत नाहीत. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू स्वतःची संवेदना वाढवतो आणि त्यातून बाहेर नसलेला आवाज ऐकू येतो, असं आज बहुतेक तज्ज्ञ मानतात.

“म्हंजे डोस्क्यात बिघाड न्हाई न्हवं?” मामांनी विचारलं. ही भीती त्यांनी घरीही कुणाला सांगितली नव्हती. मॅडमनी त्यांना 1953 सालचा एक प्रयोग सांगितला. ऐकू व्यवस्थित येणाऱ्या 80 माणसांना अगदी नि:शब्द खोलीत बसवलं, तर त्यांतल्या 94 टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आला. मामा जरा सैल होऊन बसले.

मग खरी जुळवाजुळव सुरू झाली. दोन सूर ऐकवायचे आणि विचारायचं, तुमच्या आवाजाच्या जवळचा कुठला? “हा, का हा?” 2000 की 4000? 4000 की 6000? मामा डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत होते. 6000 वर थांबले. मॅडमनी लगेच 3000 वाजवून खात्री करून घेतली, कारण बरोबर निम्म्या किंवा दुप्पट सुराशी गल्लत सहज होते. त्यानंतर एकेक डेसिबल वाढवत आवाजाची पातळी जुळवली. मामांना जेमतेम ऐकू येतं तिथून फक्त 7 डेसिबल वर.

“येवढाच? आन् झोप सगळी ग्येली माझी!”

मॅडम म्हणाल्या, त्रास खोटा नाही. आवाज किती मोठा आहे आणि माणूस किती पिचतो, याचा मेळ बसत नाही. त्रास मोजायला पंचवीस प्रश्नांची वेगळी प्रश्नावली असते. झोप, चिडचिड, कामातलं लक्ष, हे सगळं तीत येतं.

शेवटी मिनिटभर सळसळता आवाज कानांत सोडला आणि बंद केला. मामा तसेच बसून राहिले. “थांबलाय,” म्हणाले. अर्ध्या मिनिटात शिट्टी परत आली. सगळ्यांच्या बाबतीत असं घडत नाही आणि हा उपचारही नव्हे. पण ती शिट्टी हलू शकते, हे मामांना त्या अर्ध्या मिनिटात कळलं.

“उपाय नाही, सवय करून घ्या,” असं सांगून पेशंटला परत पाठवतात, त्याचा मला मनापासून राग येतो. सवय होते, पण ती करवून घ्यावी लागते. मामांना मॅडमनी सांगितलं ते असं: रात्री खोली अगदी शांत ठेवू नका. पंखा किंवा पावसाचा आवाज हळू लावा. शिट्टी बुडेल इतका मोठा नको, तिच्या खालीच राहू दे. घरात कानात बोळे नकोत, मागावर मात्र इअरप्लग हवेतच. ऐकण्याचं मशीन लावलं तर बाहेरचे आवाज वाढतील आणि शिट्टी मागे पडेल. धसका आणि झोपेसाठी समुपदेशन, म्हणजे विचार-वर्तन उपचार. त्रास कमी होण्याचा सर्वांत भक्कम पुरावा याच उपचाराचा आहे.

आवाज एकाच कानात असेल, नाडीबरोबर ठोके देत असेल, सोबत चक्कर असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायला हवं. अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी. तिथे उशीर महागात पडतो.

आपल्या कारखान्यांच्या नियमांत आवाजाला आठ तासांच्या पाळीसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. पण धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये इतका गोंगाट असतो, की शेजारच्याशी खुणांनी बोलावं लागतं.

निघताना मामा दारात थांबले. “भाचा हाय माझा, बाजूच्याच मागावर. त्याला अजून काय न्हाई. त्याला आणू का?”

“आणा. पण पाळी सुटल्या सुटल्या नको, मामा. मागाच्या आवाजानं कान काही तास बधिर असतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी आणा.”