घोड्याचे पचनस्वास्थ्य
घोडा हा तृणभक्षक प्राणी असला तरी गाईम्हशींप्रमाणे रवंथ करीत नाही. त्याचे जठर एककप्पी असून त्याची धारणक्षमता सुमारे ८ ते १५ लिटर, म्हणजे शरीराच्या मानाने अल्प असते. जठरात आम्ल अखंड स्रवते, मात्र ते सौम्य करणारी लाळ केवळ चर्वण करतानाच सुटते. त्यामुळे दीर्घ उपवासाने जठरव्रण होऊ शकतो. गवतातील तंतूंचे विघटन उंडुक (मोठ्या आतड्याच्या आरंभीची पिशवी) व बृहदांत्र यांतील सूक्ष्मजीव करतात. एकाच वेळी पुष्कळ धान्य दिल्यास न पचलेले पिष्ट तेथे पोहोचून आम्लता वाढते आणि पोटशूळ किंवा खुरांच्या आतील दाह उद्भवतो. घोड्याला उलटी करता येत नसल्याने जठर अतिशय फुगल्यास ते फुटण्याचाही धोका असतो.

म्हणून वैरण हाच आहाराचा पाया मानतात. ५०० किलो वजनाच्या घोड्यास दररोज किमान साडेसात किलो सुकी वैरण लागते. धान्य थोडेथोडे विभागून द्यावे, आहारातील बदल ७ ते १० दिवसांत क्रमाक्रमाने करावा आणि स्वच्छ पाणी सदैव उपलब्ध ठेवावे. वारंवार पोटाकडे पाहणे, पुढील पायाने जमीन उकरणे, लोळणे व लीद न टाकणे ही पोटशूळाची लक्षणे होत. ती दिसताच वैरण काढून घेऊन पशुवैद्यास तत्काळ पाचारण करावे.