सिकलसेलच्या मुलखात तीन महिन्यांची शुगर

लघवीतल्या अल्ब्युमिनचा विषय या आठवड्यात घ्यायचा होता. तो पुढे ढकलतो, कारण चिमूर तालुक्यातून आलेला एक प्रश्न आधी सोडवायला हवा. सिकलसेलचे वाहक असलेल्या एका वाचकांची उपाशीपोटीची साखर १३१ मिलिग्रॅम आली आणि ‘तीन महिन्यांची शुगर’, म्हणजे एचबीएवनसी, ६.२ टक्के. साखर १२६ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह; एचबीएवनसी ६.५ च्या खाली म्हणजे मधुमेह नाही. मग खरा आकडा कोणता? चंद्रपूर-गडचिरोलीत असे दोन आकडे एकमेकांशी भांडले, तर साखरेची बाजू घ्यावी आणि तीच पुन्हा मोजून पाहावी, असं माझं मत आहे.

रक्तातली साखर हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या टोकाला आपोआप चिकटते आणि तांबडी पेशी जगते तोवर, म्हणजे सुमारे १२० दिवस, साचत राहते. म्हणजे ही तपासणी एकाच आकड्यात दोन गोष्टी मोजते: साखर किती होती आणि पेशी किती जगली. यातली दुसरी सगळ्यांची सारखीच, असं आपण गृहीत धरतो. सिकलसेलच्या रुग्णाची तांबडी पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. साखर साचायला तिला वेळच मिळत नाही. शिवाय दोन्ही पालकांकडून सिकलसेलचं ‘एस’ जनुक आलेल्या रुग्णाच्या रक्तात नेहमीचं ‘ए’ हिमोग्लोबिन, ज्याला चिकटलेली साखर एचबीएवनसी मोजते, तयारच होत नाही. तेव्हा त्याच्या रिपोर्टवर छापलेला एचबीएवनसीचा आकडा नेमका कशाचा, हे विचारायलाच हवं. सॅम्युअल रहबर यांना १९६८ मध्ये तेहरानात मधुमेहींच्या रक्तातलं हे साखर चिकटलेलं वेगळं हिमोग्लोबिन दिसलं, ते हिमोग्लोबिनचे वेगळे प्रकार शोधत असतानाच. आणि त्याआधी दहा वर्षं, १९५८ मध्ये, शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. आपल्या भागाला ही माहिती नवी नाही. साखरेच्या रिपोर्टपर्यंत मात्र ती अजून नीट पोचलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, वाहकाच्या पेशी तर जवळजवळ पूर्ण आयुष्य जगतात, मग त्याला कसली भीती? फरक लहान आहे, हे खरं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवरच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तातली साखर सारखी असूनही वाहकांचा एचबीएवनसी सुमारे ०.३ ने कमी निघाला. पण आपल्या वाचकांच्या ६.२ मध्ये हे ०.३ मिळवून पाहा: बरोबर ६.५, म्हणजे थेट सीमारेषा. हा आकडा आपल्याकडच्या प्रत्येकाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी काठावरचा माणूस कसा निसटतो, ते यातून दिसतं. त्यातच लोहाची कमतरता हाच आकडा उलट वर चढवते. सिकलसेल आणि लोहाची कमतरता दोन्ही असलेल्या बाईचा आकडा दोन चुका एकमेकींना खाऊन अगदी ठीकठाक दिसू शकतो. पुढे लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की साखर तीच राहूनही तो उतरतो.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. एचबीएवनसीला उपाशी राहावं लागत नाही आणि नमुना प्रवासात टिकतो. साखरेचं तसं नाही. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातली साखर पेशी खात राहतात आणि ती तासाला ५ ते ७ टक्के उतरते. चिमूरला सकाळी काढलेलं रक्त दुपारी नागपुरात तपासलं, तर १३१ चे ११० सहज होतील. राखाडी बुचाच्या नळीतल्या फ्लोराइडलाही ही गळती थांबवायला तासभर तरी लागतो. म्हणून नळी तालुक्यातच फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा. त्यासाठी लागतं एक सेंट्रिफ्यूज, आणि ते तालुक्याच्या पॅथॉलॉजीत असतंच. प्रवास सोपा पडतो म्हणून चुकीची तपासणी निवडणं मला पटत नाही.

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या वाचकांनी दुसऱ्या एखाद्या सकाळी उपाशीपोटी साखर पुन्हा तपासावी. ती परत १२६ किंवा वर आली, तर एचबीएवनसी काहीही म्हणो, डॉक्टरांकडे मधुमेह म्हणूनच जावं. आणि ज्यांना प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे त्यांच्यासाठी फ्रुक्टोसामिन ही तपासणी आहे. ती तांबड्या पेशीवर अवलंबून नसते. रक्तातल्या प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेली साखर मोजते आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशोब देते. मात्र मूत्रपिंडातून अल्ब्युमिन फार गळू लागलं की तीही फसते. ही गळती लघवीत कशी पकडायची, ते पुढच्या आठवड्यात.