पाण्याचा भार पेलणारी मांडणी

रंगीत मासे पाळण्याचा छंद ज्याने एका टाकीवर आवरता घेतला, असा गृहस्थ आमच्या पाहण्यात क्वचितच आला. याचा सारा दोष हौसेवर टाकणे अन्यायाचे होईल, कारण माशांचा स्वभावही त्याला तितकाच जबाबदार आहे. गप्पीची मादी जिवंत पिलांना जन्म देते आणि पुष्कळदा त्यांतलीच काही गिळून टाकते. फायटरचे दोन नर एका पाण्यात ठेवले तर एकमेकांचे पर फाडल्यावाचून राहत नाहीत. आणि बाजारातून आणलेला नवा मासा काही आठवडे वेगळा ठेवावा, हा तर जाणत्यांचा दस्तूरच आहे. पिलांना एक, भांडखोरांना एक, नवागतांना एक आणि आजाऱ्यांना एक अशी टाक्यांची संख्या वाढत गेली, की दिवाणखान्यातली घडवंची अपुरी पडते आणि एकीवर एक टाक्या ठेवण्यासाठी मांडणीची तजवीज करणे भाग पडते. दप्तरे ठेवण्याचे पत्र्याचे रॅक या कामी लावण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु कागदाचा भार निराळा आणि पाण्याचा निराळा. ज्याला करवत आणि गुण्या हाताळता येतो, त्याने ही मांडणी घरीच करावी. किफायतही होते आणि जागेच्या मापाची वस्तू मिळते.

आरंभ हिशेबापासून केला पाहिजे. एक घनफूट पाणी म्हणजे सुमारे २८ लिटर, आणि एका लिटरचे वजन एक किलो. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी टाकी काठोकाठ भरली तर तिच्यात जवळजवळ ५७ किलो पाणी मावते. पाच मिलिमीटर जाडीच्या काचेचे नऊ-साडेनऊ किलो आणि तळच्या वाळूचे काही किलो धरले, म्हणजे एक टाकी ७० ते ७५ किलोंची झाली. अशा दोन-दोन टाक्यांचे तीन खण रचले, तर लाकडासह एकूण बोजा अर्ध्या टनाच्या घरात जातो, आणि तो सारा चार फूट लांब व एक फूट रुंद एवढ्याशा जागेवर उभा असतो.

हा आकडा ऐकून नवशिक्या माणूस जाडजूड वासे आणतो, आणि तरीही त्याची मांडणी डळमळते, कारण त्याने भीती भलत्याच गोष्टीची धरलेली असते. लाकूड मोडण्याचा प्रसंग सहसा येत नाही. चार फुटांच्या गाळ्यावर दोन टाक्यांचा भार वाहण्यासाठी पुढे एक व मागे एक अशा दोन इंच बाय चार इंच मापाच्या, उभ्या काठावर बसवलेल्या दोन पट्ट्या चांगल्या पाइनच्या लाकडाच्या असल्या, तर त्या जेमतेम अर्धा मिलिमीटर वाकतात. तीच पट्टी आडवी निजवली तर चौपट वाकते, आणि उभीच ठेवून गाळ्याची लांबी मात्र चारांवरून आठ फुटांवर नेली, फुटामागचा भार तोच ठेवला, तर वाक सोळापट होतो. लांब मांडणीला मध्ये एक जादा खांब देणे हे जाड लाकूड घेण्यापेक्षा शहाणपणाचे ठरते, ते यामुळे.

खरी मेख आहे ती सांध्यांत. पुष्कळ हौशी कारागीर आडव्या पट्ट्या खांबांच्या बाजूला टेकवून स्क्रूने आवळतात. अशा मांडणीत शेकडो किलोंचा भार त्या चार-दोन स्क्रूंवर लोंबकळत राहतो, आणि ओल खाऊन स्क्रूभोवतीचे लाकूड नरम पडले की सांधा कुरकुरू लागतो. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक खांबाला आतल्या अंगाने दुसरा तुकडा जोडावा, तो जमिनीपासून पहिल्या पट्टीच्या तळापर्यंत, पुन्हा तिच्या माथ्यापासून वरच्या पट्टीच्या तळापर्यंत, असा खंड पाडून. म्हणजे प्रत्येक आडवी पट्टी त्या तुकड्याच्या माथ्यावर टेकते आणि भार लाकडावरून लाकडावर उतरत थेट जमिनीला पोहोचतो. स्क्रूंचे काम मग केवळ सांधा जागच्या जागी धरून ठेवण्याचे उरते, आणि ते काम त्यांना उत्तम साधते.

दुसरा शत्रू म्हणजे डोलणे. चार बाजूंची चौकट कितीही मजबूत असली तरी तिचे कोपरे दुमडू शकतात. त्रिकोणाचे तसे होत नाही. म्हणून मागच्या बाजूला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी पट्टी द्यावी, किंवा सबंध पाठीला प्लायवूडचा पत्रा ठोकावा, आणि दोन्ही कडांनाही लहान तिरके आधार द्यावेत. चौकट जुळवताना दोन्ही कर्ण फितीने मोजावेत. ते समान भरले तर चौकट काटकोनात आहे, न भरले तर गुण्या काहीही सांगो, ती तिरकी आहे. इतके करूनही तीन खणांची मांडणी सहा फुटांच्या आसपास उंच आणि अवघी एक फूट रुंद राहते. तिला वरच्या अंगाने भिंतीशी बोल्टने जखडलेच पाहिजे, आणि तो बोल्ट गिलाव्यात न थांबता विटेत किंवा काँक्रीटमध्ये शिरला पाहिजे. घरात लहान मुले असतील तर दोनच खणांवर समाधान मानावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लोखंडी अँगल वेल्डिंग करून घेतल्यास सांध्यांची चिंता मिटते, पण गंजाची सुरू होते. रेड ऑक्साइडचा हात देऊन वर ऑइल पेंट लावला तरी समुद्री माशांच्या खाऱ्या पाण्याचे थेंब बारीक भेगेतून आपला मार्ग काढतातच. लाकडात साग श्रेष्ठ खरा, पण महाग; रंग किंवा वार्निश नीट लावले तर पाइनही पुष्कळ वर्षे टिकते. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ यांना मात्र या कामी थारा देऊ नये, कारण एकदा पाणी लागले की ते फुगतात आणि पुन्हा पूर्ववत होत नाहीत.

टाकीखालची बैठक हा विषय जुन्या मंडळींना नवा वाटेल. १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, त्या सुमारास घरगुती टाक्या लोखंडी अँगलच्या चौकटीत पुट्टीने काचा बसवून केल्या जात, आणि बैठकीचा लहानसहान उंचसखलपणा ती चौकट सोसून घेई. पुढे सिलिकॉन आले, चौकट गेली, आणि सारा भार उघड्या काचेवर आला. अशा काचेखाली वाळूचा एखादा टणक खडा राहिला किंवा फळीला किंचित पीळ असला, तरी ती तडकू शकते. म्हणून बिनचौकटीच्या टाकीखाली मरीन प्लायची सपाट फळी आणि तिच्यावर अर्धा इंच थर्माकोल घालण्याची वहिवाट आहे. पाणसळ दोन्ही दिशांनी ठेवून पाहावी. उतार असेल तर पाचर खांबाच्या पायाखाली द्यावी, टाकीखाली कधीही देऊ नये.

जागेची निवडही विचाराने करावी. राहत्या घराच्या खोलीची जमीन भारतीय मानकांनुसार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो चल भार गृहीत धरून आखतात, आणि आपला अर्धा टन अर्ध्या चौरस मीटरहूनही कमी जागेत उभा आहे. गृहीत धरलेला भार सबंध खोलीभर पसरलेला असतो, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण मांडणी खोलीच्या मध्यावर न ठेवता, जिच्याखाली तुळई किंवा भिंत आहे अशा कडेला ठेवावी. जुन्या चाळींतल्या लाकडी तक्तपोशीवर किंवा पुढे झुकलेल्या सज्जात हा प्रयोग इंजिनियरच्या सल्ल्यावाचून करू नये.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी पुढे रोज आठवतात. प्रत्येक टाकीच्या माथ्यावर फूटभर मोकळी जागा ठेवावी, नाहीतर जाळे आत जात नाही आणि काच पुसताना कोपर वरच्या पट्टीवर आपटते. विजेच्या प्रत्येक तारेला प्लगच्या खालपर्यंत झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी खाली ठिबकते, प्लगात जात नाही; आणि हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे येऊन पंपात उतरते.

मांडणी उभी राहिली की आधी खालच्या खणातल्या टाक्या अर्ध्या भराव्यात, मग वरच्या, आणि एक रात्र जाऊ द्यावी. सकाळी प्रत्येक टाकीच्या चारही कोपऱ्यांत काठापासून पाणी किती खाली आहे ते पट्टीने मोजावे आणि मांडणी दोन्ही हातांनी हलवून पाहावी. दोन-तीन मिलिमीटरांहून अधिक फरक दिसला किंवा पाणी हिंदकळत राहिले, तर टाक्या उपसून पाचर आणि तिरप्या पट्ट्या पुन्हा तपासाव्यात. सारे ठीक असेल तरच टाक्या पुऱ्या भराव्यात. नव्या टाकीतले पाणी माशांना मानवण्याजोगे व्हायला तसेही काही आठवडे लागतात. त्या मुदतीत मांडणीचीही परीक्षा होऊन जाते. तेव्हा माशांची खरेदी तोवर तहकूब ठेवावी.