आधी तार जुळू द्या



गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी व्हायोलिन घेऊन आली होती. नववीतली पोर. बसली, खुंट्या पिळून तारा जुळवायला लागली, तर दोन मिनिटांत मागून आवाज आला, "अगं, वाजव की आता!" पोर बावरली. कसंबसं एक भजन वाजवून उठली. वाण लुटायची घाई झाली होती सगळ्यांना. खोटं कशाला बोलू, मलासुद्धा.

असं मोठमोठ्यांच्या वाट्यालाही आलेलं आहे. पंडित रामनारायण सारंगी वाजवायचे. सारंगी म्हणजे गायकाच्या मागे बसून साथ करायचं वाद्य, त्यात कोठ्यांवरचं म्हणून लोक नाक मुरडायचे. १९५४ साली मुंबईच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये त्यांनी एकट्याने सारंगी वाजवायला घेतली. लोकांना मात्र नंतरच्या नामवंतांची ओढ. मध्येच थांबावं लागलं. सारंगी सोडून गाणं धरावं, इथवर त्यांच्या मनात आलं होतं. सावरले ते लहान बैठकींमुळे. थोडी माणसं, जवळ बसून ऐकणारी. मग १९५६ मध्ये मुंबईतल्याच एका महोत्सवात त्यांच्या सारंगीला दाद मिळाली. पुढे त्यांची मुलगी अरुणा नारायण हिनेही सारंगी हातात घेतली. सारंगीचा स्वतंत्र कार्यक्रम करणारी पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात.

लहान बैठकच का? सारंगी एकाच लाकडातून कोरलेली असते. पोटावर कातडं, वर आतड्याच्या तीन जाड तारा, आणि त्यांच्याखाली तीसहून जास्त बारीक तारा. त्या खालच्या तारांना कुणी हात लावत नाही, वरची वाजली की त्या आपोआप गुणगुणतात. पण प्रत्येक तार आधी सुरात लावावी लागते. एवढ्या तारा जुळवायला वेळ लागणारच ना! ती गुणगुण मंडपाच्या भोंग्यातून येत नाही, चार हातांवर बसलं तर ऐकू येते.

परदेशात चेलो नावाचं वाद्य आहे. व्हायोलिनचा थोरला भाऊच म्हणा. उंची चारेक फूट, तारा चार. खुर्चीवर बसायचं, तो दोन्ही गुडघ्यांमध्ये धरायचा आणि घोड्याच्या केसांच्या गजाला राळ लावून वाजवायचा. आवाज खोल, माणसाच्या गळ्यासारखा. पण बाईने पाय फाकवून बसायचं म्हणजे काय, म्हणून तिकडेही जुन्या काळी बायकांना चेलो एका अंगाला घेऊन, अवघडून वाजवावा लागे. ऐकून हसू येतं, पण "मुलीच्या जातीने असं बसू नये" हे आपण घरात किती वेळा म्हणतो?

इंग्लंडमधल्या जॅकलीन द्यू प्रे हिने चार वर्षांची असताना रेडिओवर चेलो ऐकला आणि आईकडे तसंच वाद्य मागितलं. आई स्वतः पियानो वाजवणारी, तिने ते मनावर घेतलं. १९६१ साली सोळा वर्षांची जॅकलीन लंडनच्या विगमोर हॉलमध्ये वाजवायला बसली. हे सभागृह मोठं नाही, मोजक्या वाद्यांसाठीच बांधलेलं. तिथून तिचं नाव जगभर झालं.

तुम्ही म्हणाल, कुठे लंडन आणि कुठे आपण. पण आपल्या दौलताबादला, तेव्हाच्या देवगिरीला, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात वाद्यांवर अख्खा अध्याय आहे. गावात हार्मोनियम, व्हायोलिन, तबला शिकणारी एखादी मुलगी असतेच. दहावी झाली की वाद्य माळ्यावर जातं, कारण तिला नीट बसवून कुणी ऐकलेलंच नसतं.

त्या व्हायोलिनवाल्या मुलीला आम्ही परत बोलावलंय. शाळेची एक खोली, खाली सतरंज्या, पंचवीस-तीस बायका, भोंगा नाही. तारा जुळवायला लागेल तेवढा वेळ. वाजवण्याआधी तिनेच सांगायचं, कोणती तार कशाची, गज कसा धरायचा. आणि चहा आधीच उरकून घ्यायचा.