सल्ला कोणत्या गच्चीवरचा?

"जास्वंदाला कळ्या येतात आणि उमलायच्या आधीच गळतात, काय करू?" हा प्रश्न बागवेड्या मंडळींत टाकून पाहा. अर्ध्या तासात उत्तरांचा पाऊस पडतो. पाणी कमी करा, पाणी वाढवा, उन्हात ठेवा, सावलीत सरकवा, ताक ओता, केळीच्या साली पुरा. एखादी आजी शेजारणीच्या नजरेवरही बोट ठेवते. गंमत अशी की नजर वगळली तर यातलं प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या गच्चीवर खरं ठरलेलं असतं. अडचण एवढीच, की सल्ल्याबरोबर त्याचा पत्ता येत नाही. पश्चिमेची बाल्कनी की पूर्वेची, दुसरा मजला की बारावा, मे महिना की श्रावण, कुंडी बारा इंचांची की सहा इंचांची, हे कळल्याशिवाय "पाणी वाढवा" या दोन शब्दांना काही अर्थ नाही.

अनुभवांची अशी देवाणघेवाण महाराष्ट्रात फार पूर्वी शिस्तीने झालेली आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला तो याच पायावर. द्राक्षबागायतदार असो की परसात चार वाफे करणारी गृहिणी, प्रत्येकाने आपल्या जागेवर प्रयोग करायचा, मोजमाप ठेवायचं आणि जे दिसलं ते इतरांना कळवायचं. तज्ज्ञांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, ही रीत त्यांना मंजूर नव्हती. त्यांचं 'विपुलाच सृष्टी' अजूनही हौशी बागायतदार एकमेकांकडून वाचायला नेतात. मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी रसवंतीवाल्याकडचा उसाचा चोथा प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून गच्चीवर भाज्या काढून दाखवल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराची गच्ची प्रीती पाटील यांच्या पुढाकाराने २००२ पासून हिरवी होत गेली, आणि स्वयंपाकाचा ओला कचरा तिथेच वर जिरू लागला.

या सगळ्यांच्या कामात एक गोष्ट समान दिसते. त्यांनी आधी झाडाचा विचार केला नाही, माती कशी करायची याचा केला. गच्चीवर तर याला पर्यायच नाही, कारण मातीचं ओझं. निवासी इमारतीच्या वावरत्या गच्चीसाठी भारतीय मानकात वापराचा भार दर चौरस मीटरला साधारण १५० किलो धरलेला असतो. एक फूट उंचीचा ओल्या मातीचा थर त्याच जागेवर पाचशे किलोच्या घरात जातो. "आमच्याकडे विटा रचून दहा बाय दहाचा वाफा केलाय, काही झालं नाही" हा सल्ला म्हणूनच मला सर्वांत धोकादायक वाटतो. पाचोळ्याचं खत, नारळाच्या शेंड्या, उसाचा चोथा यांचं मिश्रण मातीच्या निम्म्याच्या आसपास भरतं, तरी तेही सलग पसरू नये. कुंड्या भिंतीकडेने आणि तुळयांवर ठेवाव्यात, मोठा बेत असेल तर स्थापत्य अभियंत्याला दाखवावं. कुंडीखाली दोन विटा किंवा स्टँड असावा, म्हणजे स्लॅब वाळतो आणि गळती कुठून सुरू झाली हे दिसतं तरी. बशीत साठलेलं पाणी आठवड्याच्या आत ओतून टाकावं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

पाचोळा फुकट मिळतो, आणि तरी सोसायट्या तो गोळा करून पेटवतात. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार बागेतला कचरा उघड्यावर जाळायला मनाई आहे. पुण्यात 'ब्राऊन लीफ' या उपक्रमाने ज्यांच्याकडे पाचोळा जास्त झालाय आणि ज्यांना तो हवाय अशांची गाठ घालून दिली; आपापल्या वाड्यात कोणीही हे करू शकतो.

नुसता पाचोळा मात्र वर्षभर पडून राहतो. सुक्या पानांत कर्ब भरपूर, नत्र कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्बाचे पंचवीस-तीस भाग असतील तर नत्राचा एक भाग लागतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, म्हणून दोन्ही एकत्र आले की काम भराभर होतं. दुर्गंधी सुटली तर ओलं जास्त झालंय, पाचोळा घाला. महिनाभरात काहीच हललं नाही तर कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. दाभोळकरांच्या परंपरेत 'अमृतजल' वापरतात: दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम गूळ, रोज दोन-तीनदा ढवळत तीन दिवस ठेवायचं, चौथ्या दिवशी दहापट पाण्यात मिसळून वापरायचं. शहरात गोमूत्र मिळवताना दमछाक होते. आंबट ताक आणि गुळावरही पाचोळा कुजतो, फक्त थोडा धीर धरावा लागतो. कधी डब्यात करड्या, चपट्या अळ्या वळवळताना दिसल्या की माणसं डबाच फेकून देतात. त्या बहुधा काळ्या सोल्जर माशीच्या अळ्या असतात. ही माशी घरमाशीसारखी ताटावर बसत नाही आणि तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्याने फस्त करतात. त्यांना राहू द्या.

आता वेलांकडे. "दुधीला फुलं खूप, पण दुधी एकही नाही" ही तक्रार दर पावसाळ्यात ठरलेली. सुरुवातीला नुसती नरफुलंच येतात, तेवढे दिवस वाट पाहायची. मादीफुलाच्या देठाला इवलासा दुधी आधीच दिसतो. तो दिसूनही पिवळा पडून गळत असेल तर परागीकरण होत नाहीये. उंच इमारतीत कीटक कमी पोचतात. मग नरफूल तोडून पाकळ्या मागे सारून हाताने टेकवावं. पण केव्हा? इथेच ऐकीव सल्ला फसतो. लाल भोपळा, काकडी आणि घोसाळं सकाळी उमलतात. दुधी आणि दोडका मात्र संध्याकाळी उमलतात, त्यांचे खरे पाहुणे रात्रीचे पतंग. सकाळी आठला दुधीची फुलं टेकवणाऱ्याची मेहनत बहुतेक वाया जाते.

शेवंतीचंही असंच. लांब रात्र मिळाली की तिला कळ्या धरतात. सोसायटीने गच्चीवर रात्रभर दिवा लावला आणि कुंडी बरोबर त्याच्याखाली असली, तर झाड हिरवंगार राहतं आणि कळी काही दिसत नाही. खताचे हप्ते वाढवून काही होत नाही, कुंडी अंधारात सरकवावी लागते. टोमॅटोला रात्र गार लागते, म्हणून पुण्यातली बाई जानेवारीत टोमॅटो दाखवते आणि तिचंच ऐकून मुंबईतली बाई मे महिन्यात लावते, तेव्हा नुसती फुलं गळताना दिसतात. टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडला की अंड्याची टरफलं पुरा असं हमखास सांगितलं जातं. डाग कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याने पडतो हे खरं, पण टरफलं विरघळायला महिनोन्‌महिने लागतात, आणि बहुतेक वेळा खोट पाण्याची असते: दोन दिवस विसरायचं, तिसऱ्या दिवशी बादली ओतायची. पाणी नेमाने दिलं की पुढची फळं नीट येतात. वापरलेला चहापत्तीचा चोथा चालतो, पण दूध-साखर धुऊन. नाहीतर मुंग्यांची रांग लागते, आणि मुंग्या आल्या की मिलीबगही आलाच, कारण त्याच्या गोड चिकट्यावर त्या जगतात आणि त्याला सांभाळतात. मिलीबग दिसला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारावा. नंतर संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाचे थेंब, आठ दिवसांनी पुन्हा. भर उन्हात मारलं तर पानं करपतात.

दिवाळीचा फराळ आवरला की मेथी, पालक, मुळा आणि कोथिंबीर पेरायला हवा उत्तम असते. धणे हलके रगडून दोन फाकी करून पेरा, चांगले उगवतात. आणि वेलावर या वर्षी एखादं देशी घोसाळं जून होऊन वाळलं असेल तर ते तोडून बी काढून ठेवा. संकरित जातीचं बी राखू नका, ते मूळ जातीसारखं निघत नाही. बी कुणाला दिलंत तर पुडीवर जातीबरोबर तुमची गच्ची कुठल्या दिशेची आणि बी कुठल्या महिन्यात लावलं होतं, एवढंही लिहून द्या.