शेवटच्या सरीपर्यंत

पाटसच्या शिवारात खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी येतं, उसाला मिळतं. मोटारीचा जोर कमी झाला की आधी सुकते ती शेवटची सरी. मोटार दुरुस्त होते, पाणी पोचतं, तरी तिथला ऊस लगेच उभा राहत नाही. तहानेनं त्याच्या मुळ्याही सुकलेल्या असतात.

हार्ट फेल्युअरमध्ये माणसाच्या मांड्यांची गत अशीच होते. या आजारात हृदय बंद पडलेलं नसतं, त्याचा रक्त पुढं ढकलण्याचा जोर कमी झालेला असतो. ओसरीवरून न्हाणीपर्यंत जाताना धाप लागते, म्हणून म्हातारं माणूस बसून राहतं, आणि बसल्या बसल्या मांड्या झिजतात. गेल्या तीन-चार दशकांत तज्ज्ञांना कळलं, की हा थकवा एकट्या हृदयाचा नाही. मांडीतले चिवट, सावकाश दमणारे तंतू कमी होतात, लवकर थकणारे राहतात. असे दमलेले पाय मेंदूला निरोप धाडतात आणि श्वास आणखी वाढतो. धाप थेट पायांतूनही येते!

यावर औषध चालण्याचं. पण ज्याला चालवतच नाही, त्यानं काय करावं?

इथं वीज कामाला येते. मांडीवर दोन चिकट पॅड लावतात, त्यांच्या वायरी एका छोट्या यंत्राला जोडतात. आधी मुंग्या येतात. करंट हळूहळू वाढवला की मांडीचा स्नायू टणक होतो, गुडघ्याची वाटी वर सरकते. काही सेकंदांनी सगळं सैल पडतं, मग पुन्हा ताठरतं. आजोबा खाटेवर पडलेले आणि मांडी मात्र व्यायाम करतेय. पॅडखालच्या मज्जातंतूला वीज चेतवते. तो स्नायूला इशारा देतो, स्नायूत कॅल्शियम सुटतं आणि प्रथिनांचे धागे एकमेकांवर सरकतात. इशारा मेंदूनं दिला की बॅटरीनं, हे स्नायूला कळतच नाही! बोलोन्याच्या गॅल्व्हानीनं मेलेल्या बेडकाचे पाय विजेनं हलताना पाहिले आणि 1791 साली ते छापून जगाला सांगितलं, त्यामागचं गुपित हेच.

एक फरक मात्र आहे. आपण चालतो तेव्हा तंतू आळीपाळीनं राबतात. वीज दर वेळी त्याच तंतूंना जुंपते, म्हणून ते लवकर दमतात आणि मधे विसावा द्यावाच लागतो.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. पोलिओच्या साथीमुळे 1950च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. लुळ्या पडलेल्या स्नायूंना करंट देणं तेव्हापासून फिजिओथेरपिस्टच्या हातचं काम आहे.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवर याचे प्रयोग झाले, तेव्हा बहुधा रोज अर्धा ते एक तास, पाच ते दहा आठवडे करंट दिला गेला. बऱ्याच जणांचं सहा मिनिटांतलं चालणं वाढलं. हे प्रयोग लहान होते, हेही सांगायला हवं. ज्याला सायकल मारणं जमतं, त्यानं सायकलच मारावी. आणि छातीत पेसमेकर किंवा शॉक देणारं यंत्र बसवलेलं असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅडला हातही लावू नये. बाहेरची वीज ते यंत्र हृदयाची समजू शकतं.

सहा मिनिटांची ती परीक्षा अगदी साधी असते. सरळ व्हरांडा, दोन टोकांना खुणा, हातात घड्याळ. दमलं तर थांबायचं, घड्याळ मात्र चालूच. पहिल्या दिवशी कुठवर गेलात ते मीटरमध्ये लिहून ठेवतात, आणि काही आठवड्यांनी त्याच व्हरांड्यात पुन्हा चालायला लावतात.